दुसऱ्यांदा भाडं कोण देतं?

गुढियारीत कॉमिक्सची समीक्षा लिहिणारा कुणी नव्हता. तरी कोणता अंक कसदार आणि कोणता नुसता भपका, याचा निकाल तिथे रोज लागायचा, आणि तो रोकडा लागायचा. पोराने एक रुपया देऊन नेलेला विशेषांक महिन्याभरात पुन्हा एक रुपया देऊन नेला, तर अंक चांगला. नाही नेला, तर मुखपृष्ठावर पाच नायक असोत की पंधरा, त्याची जागा मागच्या थप्पीत. मी व्यापाऱ्यांच्या वह्या तपासून पोट भरतो, त्यामुळे असेल कदाचित, पण अनेक नायकांना एका कथेत जुंपणाऱ्या महामालिकांसाठी याहून सरळ कसोटी मला अजून सापडलेली नाही. ज्या धंद्यातून ती आली, तो कॉमिक्स भाड्याने देण्याचा धंदा मात्र गेला. त्याचा हिशेब कुणीतरी मांडून ठेवायला हवा.

गुढियारी म्हणजे रायपूर स्टेशनची पाठ. स्टेशनचं तोंड शहराकडे, आणि रूळ ओलांडून पलीकडे उतरलं की आम्ही. नागपूरहून निघालेली जुनी मीटरगेज राजनांदगावपर्यंत आली होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली, रुंद केली आणि रायपूर, बिलासपूर करत १८९१ पर्यंत आसनसोलला भिडवली. पुढे रुळांच्या या बाजूला किराण्याचा आणि धान्याचा थोक बाजार वाढला. पोती, हमाल, तेलघानी नाक्याकडून येणाऱ्या गाड्या आणि वॅगन रिपेअर शॉपमधून सुटलेले कामगार, अशी आमची वस्ती. रायपुरातले जुने मराठी लोक तात्यापाऱ्यातले. भोसल्यांचे भास्करपंत १७४१ मध्ये रतनपुरात शिरले, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथून छत्तीसगढचा कारभार केला, आणि त्या सावलीत आलेल्या घराण्यांना आपल्या वाड्यांचा अभिमान असे. आम्ही त्यातले नव्हे. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी नागपुराहून आले आणि पाठीमागच्या बाजूला राहिले. घरात नागपुरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी.

या शहराला परीक्षणाची परंपरा नव्हती, असं मात्र नाही. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, ते सुरुवातीला रायपुरात छापलं जाई. हिंदीत पुस्तकांची नेटकी परीक्षणं छापणाऱ्या पहिल्या मासिकांत त्याची गणना होते. मासिक फार वर्षं चाललं नाही, पण छापलेलं ते सगळंच चांगलं नसतं, हे या भागात तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्या टपरीवर फक्त ते हिशेबाच्या भाषेत बोललं जाई.

टपरी पत्र्याची होती. समोर दोन सुतळ्या ताणलेल्या आणि त्यांवर अंक मधोमध उघडून टाकलेले, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला. मालकाला सगळे काका म्हणत. दोन-चार रुपये डिपॉझिट ठेवायचं. साध्या अंकाचं दिवसाचं भाडं आठ आणे, जाड विशेषांकाचं एक रुपया. बाकावर बसून तिथेच वाचायचं असेल तर निम्मं, पण मग मांडीला मांडी लावून चौघं वाचणार आणि पान उलटायचा हक्क पैसे देणाऱ्याचा. नवा अंक आला की काका आधी त्याची पिन काढत, पाठीला पुठ्ठा लावत आणि दाभणाने जाड दोरा ओवून शिवून टाकत. त्यामुळे आतल्या बाजूचे फुगे अर्धे शिवणीत जात आणि नायक काय म्हणाला ते अंदाजाने ओळखावं लागे. शेवटचं पान सगळ्यांत आधी फाटायचं. ते हरवलं की काका शेवट तोंडी सांगत, आणि त्यांचा शेवट कधीकधी छापलेल्यापेक्षा बरा असे.

त्यांची वही हा आमच्या समीक्षेचा खरा ग्रंथ. डाव्या बाजूला अंकाचं नाव, उजवीकडे प्रत्येक भाड्याला एक उभी रेघ, पाचवी आडवी. त्याच पोराने पुन्हा नेला तर रेघेच्या डोक्यावर टिंब. रेघा म्हणजे मुखपृष्ठाची कमाई, टिंबं म्हणजे गोष्टीची. हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण दुसरी प्रत मागवायची की नाही ते टिंबं मोजून ठरवत.

घरात या अंकांना प्रवेश मिळाला तो एका आडनावामुळे. आईची पसंती 'चांदोबा'ला, फार तर मराठी इंद्रजालमधल्या वेताळाला. अंगात साप खेळवणारा हिरवा माणूस तिला किळसवाणा वाटे. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला आणि त्याचे सुरुवातीचे अंक काढले प्रताप मुळीक यांनी. हे पुण्याचे, अमर चित्रकथेतून नावाजलेले चित्रकार. अमिताभ बच्चनला नायक करणारी 'सुप्रीमो' ही चित्रमालिकाही त्यांच्याच हातची. बाबांनी पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "अगं, मुळीक आहेत. वाचू दे." पुढे त्या पानांवर मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे अशी नावंही दिसू लागली. दिल्लीत छापलेला हिंदी नायक मराठी हातांनी काढलेला होता, आणि गुढियारीतल्या एका घरात तेवढ्यावर भागलं.

त्या काळी नायक आपापल्या हद्दीत राहत. सुपर कमांडो ध्रुव राजनगरात, परमाणु दिल्लीत, नंतर आलेला डोगा मुंबईत. १९९१ मध्ये 'नागराज और सुपर कमांडो ध्रुव' आला आणि हद्द मोडली. मग अनुपम सिन्हांच्या हातून 'प्रलय', 'विनाश' असे जोडीचे विशेषांक येत गेले. टपरीवर त्यांना 'टू-इन-वन' म्हणत, आणि नायकांची जत्रा भरली की 'मल्टीस्टारर', सिनेमातून उचललेला शब्द. अशा अंकाची वर्दी छत्तीसगढ एक्स्प्रेसने दिल्लीकडून येणारा कुणीतरी आधीच आणायचा. अंक लागण्यापूर्वी नंबर लागायचे.

वादावादीतून आमची काही मापं तयार झाली. पहिलं माप कामाचं. प्रत्येक नायकाच्या वाट्याला असं काम हवं, जे त्याच्याशिवाय दुसऱ्याला जमणार नाही. नागराजच्या अंगात कोट्यवधी सूक्ष्म साप, विषारी फुंकर आणि इच्छाधारी शक्ती. ध्रुवकडे यातलं काहीच नाही. सर्कशीत वाढलेला मुलगा, मोटरसायकल, पशुपक्ष्यांची भाषा आणि डोकं. दोघांना एका पानावर उभं केलं की लेखकाची परीक्षा सुरू. नागराजने फुंकर मारून खलनायक लोळवला, तर ध्रुव कशाला आला होता? चांगल्या जोडअंकात शक्ती कमी पडते, मग ध्रुव आजूबाजूला पडलेल्या चार वस्तूंतून युक्ती काढतो, पण ती पार पाडायला नागराजचं बळ लागतं. 'प्रलय'च्या ओळीत टिंबं का पडत, ते मला यातूनच उमगलं. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही पोरं ते कसं होतं हे पुन्हा पाहायला नेत.

या मापावर सगळ्यांत जास्त फजिती व्हायची ती डोगाची. कुत्र्याचा मुखवटा, बंदुका, पिळदार शरीर, मुंबईच्या गटारांतून चालणारे त्याचे रस्ते आणि हाकेला येणारी कुत्र्यांची फौज. गल्लीतल्या गुंडांपुढे तो राजा. पण ब्रह्मांड वाचवायला निघालेल्या टोळीत त्याला घेतला की लेखक त्याच्या हातात नुसती मोठी बंदूक देऊन मोकळा होई. एका हमालाचा मुलगा डोगाचा कट्टर भक्त होता. मल्टीस्टारर हातात आला की तो आधी पानं भराभर उलटून डोगा कुठेकुठे आहे ते बघायचा आणि मग भाडं द्यायचं की नाही ते ठरवायचा. असल्या वाचकाला फसवणं कठीण.

दुसरं माप भांडणाचं. नायक भेटले की आधी एकमेकांशी लढणार, हा जगभरचा रिवाज. १९७६ मध्ये अमेरिकेत डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅनची भेट घडवली, तेव्हाही लेक्स लूथरने स्पायडरमॅनच्या अंगात किरणांनी बळ भरलं म्हणून मारामारी झाली. एरवी सुपरमॅनपुढे तो किती टिकणार? आमच्याकडेही गैरसमजाने भांडण आणि दहा पानांनी गळाभेट, हा सपाटा चाले. पोरांना मारामारी हवीच असे, पण ती खोटी आहे हेही त्यांना कळे. खरं भांडण एकच होतं: डोगा गुन्हेगाराला ठार मारतो, ध्रुव कुणाचा जीव घेत नाही. या दोघांना आमनेसामने आणलं की बाकावर दोन तट पडत आणि वाद अंक परत केल्यावरही चाले. २००६ मध्ये मार्व्हलने 'सिव्हिल वॉर'मध्ये कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन यांना सरकारी नोंदणीच्या कायद्यावरून भिडवलं. त्या मालिकेत नंतरची हाणामारी मला घाईची वाटते, पण लढाईला कारण होतं हे मान्य करावं लागेल.

तिसरं माप भाड्याच्या धंद्यानेच शिकवलं. कथा दोन-तीन भागांत असे आणि मधला भाग हमखास दुसऱ्याच्या घरी. रुपया देऊन तिसरा भाग वाचायचा, दुसरा मिळेल तेव्हा. म्हणून ज्याचा प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहतो, त्या मालिकेला आमच्याकडे मान. जो भाग पुढच्या भागाची नुसती जाहिरात, त्याच्यावर शिव्या. अमेरिकेत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. मुख्य मालिका बारा अंकांची, पण तिचे धागेदोरे इतर डझनावारी मासिकांत पसरलेले, सगळं कळायचं तर सगळं विकत घ्या. गुढियारीतल्या पोराच्या खिशात तेवढा पैसा नव्हता, म्हणून त्याची ही अट कडक होती.

त्या बारा अंकी मालिकांची सुरुवातही बघण्यासारखी आहे. १९८४ मध्ये मार्व्हलची 'सीक्रेट वॉर्स' निघाली ती मॅटेल कंपनीच्या खेळण्यांसाठी. नायकांना दूरच्या ग्रहावर नेऊन लढवायचं आणि बाहुल्या खपवायच्या, हा हेतू लपलेला नव्हता. तरीही तिच्यातून स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळाला, आणि त्यातून पुढे व्हेनमसारखा खलनायक उभा राहिला. दुसऱ्या वर्षी डीसीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' काढली. मार्व्ह वुल्फमन यांची कथा आणि जॉर्ज पेरेझ यांची माणसांनी ठसाठस भरलेली चित्रं. पन्नास वर्षांत साचलेला वेगवेगळ्या पृथ्व्यांचा गुंता एकदाचा मोडून काढायचा, असा तिचा खटाटोप. त्यात सुपरगर्ल मेली, बॅरी अ‍ॅलन हा फ्लॅश मेला, आणि फ्लॅश पुरती तेवीस वर्षं मेलेलाच राहिला. इथे चौथं माप येतं: युद्ध संपल्यावर काही बदललं का? खेळणी विकायला निघालेली गोष्ट असो की हिशेब मिटवायला निघालेली, पुढच्या महिन्याच्या अंकात तिची खूण उरली तर ती घडली म्हणायची. आमच्या हिंदी अंकांची खोट नेमकी इथे होती. मागच्या विशेषांकात जमीनदोस्त झालेलं शहर पुढच्या अंकात जसंच्या तसं उभं. काका म्हणत, "इनका नगर निगम बहुत तेज़ है."

आईचं माप मात्र वेगळंच. ली फॉकने १९७७ मध्ये आपल्या वेताळाचं डायनाशी लग्न लावलं, तेव्हा मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून आले होते. दोन्ही मालिका त्याच्याच. आई म्हणायची, "नायकांनी असं भेटावं. आले, जेवले, गेले. गाव पाडायची काय गरज?" तेव्हा आम्ही हसलो, पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्यांच्या भेटीचं अप्रूप आहे त्यांना नुसतं एका मांडवात बसवलं तरी पुरतं. अप्रूप संपलं की मगच शहरं पाडावी लागतात.

मोठ्या गर्दीची गोष्ट कशी सांगावी, याचा धडा खरं तर आमच्या दाराशीच होता. छत्तीसगढची पंडवानी म्हणजे महाभारतच, आणि नायकांची एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या कथेत नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी ती देशाबाहेर नेली आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळवलं. कापालिक शैलीत गायिका उभी राहून खेळते, हातातला तंबुरा कधी गदा होतो, कधी धनुष्य. शेजारी बसलेला रागी हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारतो, म्हणजे श्रोता हरवत नाही. एका रात्री एकच प्रसंग. आणि या परंपरेचा लाडका नायक भीम. कुरुक्षेत्रावर सगळे असतात, पण गोष्ट कुणाच्या खांद्यावरून बघायची ते ठरलेलं असतं. थोक बाजारातले हमाल पंडवानी ऐकत मोठे झाले होते. त्यांच्या पोरांनी पंधरा नायकांच्या अंकात आपला एक माणूस शोधावा, यात नवल ते काय?

२००० च्या सुमारास 'कोहराम' आला, पाठोपाठ 'जलजला'. राज कॉमिक्सचे झाडून सारे नायक एका छपराखाली, त्यांची 'ब्रह्मांड रक्षक' ही फळी पूर्ण ताकदीनिशी. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २००० ला, रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं आणि टपरीवर दोन्ही घडामोडींची चर्चा सारख्याच गांभीर्याने झाली. 'कोहराम'च्या रेघा वहीत कुणाच्याही नव्हत्या इतक्या झाल्या. टिंबं मात्र जुन्या जोडअंकांपेक्षा कमी. मला तो अंक आजही आवडतो, त्याच्या भव्यपणासाठी. पण तो बघण्याचा अंक आहे, पुन्हा वाचण्याचा नाही.

त्यानंतरची थोर मालिका 'नागायण', २००७ पासून आठ कांडांत आलेली. अनुपम सिन्हांची चित्रं, रामायणाचा सांगाडा, आणि नेहमीच्या मालिकांपासून अलग पाडलेला भविष्यकाळ. ही युक्ती मोठी हुशारीची. गोष्ट वेगळ्या काळात असल्यामुळे माणसं खरोखर मरू शकत होती, आणि पुढच्या महिन्याचा अंक काही विसरायला भाग पाडत नव्हता. रामायण ठाऊक असल्यामुळे मधलं कांड हुकलं तरी वाचक अडत नसे. आमची चारही मापं एकदम लावावीत अशी हीच एक हिंदी महामालिका, असं माझं मत आहे. दैव असं, की ती आली तेव्हा टपरी संपत आली होती. केबलने संध्याकाळ खाल्ली, मोबाइलने उरलेला वेळ. अंकांच्या किमती वाढल्या तसं एका अंकाचा खर्च भाड्यातून निघेना. २०१३ पासून 'सर्वनायक' मालिका येऊ लागली, निरनिराळ्या काळांतले नायक समोरासमोर, पण ती भाड्याने नेऊन वाचलेला माणूस मला गुढियारीत भेटला नाही. काकांनी थप्प्या वजनावर काढल्या आणि थोक बाजारात त्यांच्या पुड्या झाल्या. पुढे दिल्लीत राज कॉमिक्सच्या घराण्यातल्या भावांनीही वेगळं होऊन वेगवेगळ्या नावांनी छपाई सुरू केली.

आता जुन्या अंकांना भाव आला आहे. जमवणारे लोक प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद, करकरीत अंक शोधतात आणि अंक जितका कोरा तितका मोलाचा मानतात. भाड्याच्या धंद्याचा हिशेब पाहिलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं. जे अंक पोरांनी पुन्हा पुन्हा नेले, त्यांची पानं झिजली, शिवण उसवली, शेवट हरवले आणि अखेर ते रद्दीच्या लायकीचेही राहिले नाहीत. जे कुणी दुसऱ्यांदा नेले नाहीत, तेच टवटवीत राहून आज बाजारात आलेत. उद्या कुणी या महामालिकांचा इतिहास शाबूत उरलेल्या प्रतींवरून लिहायला बसला, तर तो आमच्या नापसंतीचा इतिहास लिहील. म्हणून जुनी भाड्याची प्रत हाती आली तर आधी तिची शिवण बघावी. दोरा दोनदा बदललेला असेल, तर किंमत न विचारता घ्यावी.